रकाना नसलेला प्रश्न

महादेवीअक्काच्या पिशवीत फॉर्म आणि पेनांच्या जोडीला अर्धा किलो न निवडलेली तुरीची डाळ कायम असायची. बायकांच्या आरोग्याच्या पाहणीसाठी ती औरादपासून भालकीपर्यंत गावोगाव हिंडायची. सुनेशी बोलायला बसलं की सासू उंबऱ्यातून हलायची नाही. मग अक्का डाळ पुढे करी, "मला बारीक दिसंना झालंय, मावशी. उन्हात बसून तेवढी निवडून द्या." बिचारी सासू अंगणात जाई आणि आत सुनेचं तोंड उघडे. तीच डाळ आमच्या नौबादच्या कार्यालयात शिजायची. इतकी स्वच्छ डाळ मी पुन्हा खाल्ली नाही.

नवरा मारतो का, हेही विचारायचं असे. त्याआधी अक्का गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून सांगायची, "तुझं नाव भायेर जाणार न्हाई." आणि ते खरंच बाहेर जात नसे. नावाऐवजी नंबर पडायचा आणि माहिती बंगळूरच्या कॉम्प्युटरवर साठायची. आमच्याकडे एका बंद खोलीतल्या पडद्यावर ती दिसे, तीही ज्याला जेवढी परवानगी तेवढीच. आत पेन नाही, मोबाइल नाही. कोणत्या गावचे फॉर्म पोचले, बाईचं वय नि मुलं किती, एवढंच मला दिसायचं. अक्काला या बंदोबस्ताचा भारी अभिमान होता आणि मी त्यावरून तिला चिडवायची.

माझी धाकटी बहीण शोभा खटकचिंचोळीला दिली होती. एका सकाळी ती जळून गेली. स्टोव्ह भडकला, असं सासरचे म्हणाले. आठच दिवसांपूर्वी तिने फोनवर सांगितलं होतं, डाळवाली बाई येऊन गेली, तिला सगळं बोलले, हलकं वाटतंय.

मी त्या खोलीत गेले. गाव, वय, एक मुलगी. ओळ शोभाचीच होती. उत्तरांचे रकाने मला बंद होते. शोभा काय म्हणाली, ते मी अक्कालाच विचारलं. तिची मूठ गळ्याशी गेली.

"कामून मला विचारायलीस, पोरी? शब्द मी तिलाच दिलाय."

मला तिचा राग आला. आजही येतो. पण तिने स्वतःच बंगळूरला परवानगीसाठी पत्र धाडलं. माहिती देणाऱ्या बाईची लेखी संमती लागेल, असं इंग्रजीत उत्तर आलं. ते तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"मेलेल्या लेकराची सही कुठून आणू गं मी?" एवढंच ती म्हणाली. पुढे पोलिसांनीही अपघात म्हणून प्रकरण मिटवलं.

त्यानंतर शपथ घेऊन झाली की अक्का प्रत्येकीला एक जास्तीचा प्रश्न विचारू लागली, "उद्या तुला काही झालं, तर ह्यातलं कुणाला सांगू?" फॉर्मवर त्याला रकाना नव्हता आणि नाव लिहून ठेवायला बंदी होती. म्हणून ती उत्तरं डोक्यात ठेवायची. परतीच्या बसमध्ये डोळे मिटून पुटपुटत बसायची.

तीन वर्षांनी अक्काला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. मी भेटायला गेले तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. ओठ सारखे हलत होते. मी कान अगदी जवळ नेला. त्या बायकांनी दिलेली नावं ती सांगत होती, की शोभाचं काही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.