रुमालाखालचा हात

आमच्या दादांना खोटं बोललेलं चालायचं, पण तोंडानं. रुमालाखाली नाही.

हे जरा उलगडून सांगते. दादा म्हणजे माझे वडील पिराजी, लोह्याच्या बाजारातले बैलांचे दलाल. बैलाचा भाव चारचौघांत बोलायचा नाही, ही तिथली जुनी रीत. हातावर रुमाल टाकायचा, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. जितकी बोटं धरली तितका भाव, आणि सौदा पटला की अख्खा हात दाबायचा. वर तोंडाचा पट्टा चालूच. "बैल हाय का शेळी?" "घरच्या लेकरावानी हाय, फुकट नेता का?" रुसणं, शिव्या, चार पावलं निघून जाऊन परत येणं, सगळं चाले. पण खाली बोटांनी जे सांगितलं ते सांगितलं. तिथं शब्द फिरवणाऱ्याच्या हातात मग कुणी हात देत नसे.

पोरींना बाजारात कोण नेतो? माझा बाजार घरातच भरायचा. दर वर्षी माळेगावच्या जनावरांच्या जत्रेहून आले की दादा रेवड्यांचा पुडा पाठीमागं लपवायचे आणि माझ्या हातावर रुमाल टाकायचे. भाव गालावरच्या मुक्यांत ठरायचा. मी त्यांचं एकच बोट धरायची, ते माझी पाची बोटं मुठीत घ्यायचे, आणि पहिल्या बोलीला आमच्यातलं कुणीच ऐकत नसे. त्या रुमालाला तंबाखूचा, चाऱ्याचा आणि घामाचा मिळून एक वास यायचा. आजही कुठं तसा वास आला की माझी बोटं आपोआप मुडपतात.

त्यात अंगठ्याचं एक वेगळं होतं. अंगठा दाबला की मालात खोड आहे असं समजायचं. रेवड्या वाटेत भिजून चिकटल्या असल्या की दादा भावाआधी माझा अंगठा दाबायचे. म्हणायचे, "खोड सांगितल्याबिगर सौदा करायचा न्हाई, बाई. ज्यानं सांगितलं की माझ्या बैलात कायबी खोड न्हाई, त्याचा बैल नांगराला जुपला की खाली बसतोय."

माझा भाऊ वैजनाथ या खेळात कधी रमला नाही. तो शिकला, नांदेडला नोकरीला लागला. मला जळकोटला दिलं. मग ट्रॅक्टर आले, बाजार आटला. आता बैलांचे फोटो मोबाइलवर फिरतात आणि खाली भाव लिहिलेला असतो. वैजूनं एकदा दादांना तसा फोटो दाखवला. "भाव असा उघडा टाकत्यात व्हय?" म्हणाले आणि फोन लगेच परत दिला.

गेल्या दिवाळीनंतर दादांच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. तरुणपणी झालेली कावीळ बरी झाली असं आम्ही धरून चाललो होतो, ती आतल्या आत काम करून राहिली होती. दादांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही. पण लिव्हर म्हटलं की गावाला बाटलीच दिसते. नळावर एक बाई तसं बोलली, तर मायनं घागर खाली ठेवून तिची अशी खरडपट्टी काढली की बाकीच्या बायका पाणी न भरताच घरी गेल्या.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ लहान आहे, पोट फाडायची गरज नाही. मशीनमध्ये बघत बघत बरगडीखालून सुई घातली आणि गाठ आतच जाळली. दुसऱ्या दिवशी दादा घरी. अंगावर खूण म्हणाल तर एक चिकटपट्टी. त्या गाठीचं खरं नाव मात्र दादांना सांगायचं नाही, असं वैजू आणि माय यांनी ठरवलं. "हाय खातील," वैजू म्हणाला. मी विरोध केला, पण माहेरवाशिणीचं मत म्हणजे पाहुण्याचं मत. चहाबरोबर घेतात आणि विसरून जातात.

मी दादांजवळ राहिले. सुरुवातीला थोडा ताप आला, उजव्या कुशीत दुखायचं, मग तेही कमी झालं. सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात शेजारची सरजाबाई भेटायला आली. आमच्याकडं भेटायला येणं म्हणजे टाके बघायला येणं. दादांनी सदरा वर केला. टाकाच नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. जाता जाता दारात मायला म्हणाली, "चिरलंच न्हाई? आमच्या दिरालाबी असंच बिगर चिरता घरी धाडलं व्हतं. डॉक्टरनं हात टेकले मग."

सरजाबाईचं कुजबुजणं म्हणजे गावची दवंडी. दादांनी ऐकलं.

त्या दिवसापासून त्यांनी मनाशी धरलं की आपलं संपलं. डॉक्टरांनी रोज चाला म्हटलेलं, हे बाजेवरून हलेनात. भाकरी अर्धी राहू लागली, गोळी दिली की "ठेव तिथं" म्हणायचे आणि ती तिथंच राहायची. फक्त जुन्या गोष्टी निघाल्या की जरा उजळायचे. एका लाल कंधारी जोडीची गोष्ट तर रोज. ती विकली गेली तेव्हा उजवीकडचा बैल वेशीपाशी थांबून मागं बघत उभा राहिला, असं सांगताना त्यांचा आवाज बसायचा. एका संध्याकाळी मायला म्हणाले, "बैलांच्या घुंगुरमाळा वैजूला देऊ नको, त्याला काय करायच्यात? पोरीला दे." माय चुलीपुढं बसून पदरात रडली. मला तिचाही राग आला आणि सरजाबाईचा तर फारच.

महिन्यानं लातूरला स्कॅन झाला. रिपोर्ट घेऊन वैजू आला तो पळतच. "दादा, सगळं चांगलं हाय!"

दादांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "हाव. आधीबी चांगलंच व्हतं," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

वैजूचा चेहरा बघवेना. त्याचं तरी काय चुकलं? गाठ निघाली तेव्हा हेच वाक्य, दवाखान्यात नेताना हेच, ताप आला तेव्हा हेच. आता खरंच चांगलं होतं तर सांगायला दुसरं वाक्य उरलं नव्हतं. स्वयंपाकघरात मी त्याला म्हणाले, "तुम्ही बिनखोडीचा बैल विकून राहिलात. दादा घेतील का?"

माय नको नको म्हणत असताना मी खुंटीवरचा रुमाल काढला, बाजेवर बसले, दादांच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. त्यांची बोटं गार होती. मी आधी अंगठा दाबला.

दादा वळले. कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"दादा, कॅन्सर व्हता," मी म्हणाले.

मायच्या हातातलं उलथणं पडलं. "मग जळाला का?" दादांनी विचारलं.

मी त्यांचा अख्खा हात दाबला. मग त्यांची तीन बोटं धरली आणि म्हणाले, "दर तीन महिन्याला तपासायला जावं लागंल. पुन्हा येऊबी शकतोय."

दादांनी मोठा श्वास सोडला. "खोड सांगितलीस," म्हणाले. "म्हंजी माल खरा."

मला वाटलं, झालं. मी हात काढू लागले, तर त्यांनी सोडला नाही. रुमाल नीट सारखा केला, माझी पाची बोटं मुठीत घेतली आणि भुवया वर करून माझ्याकडं पाहिलं. माझ्या लक्षात आलं, दादा वर्षं मागत होते.

तोंडानं विचारलं असतं तर मी शंभर म्हणाले असते. पण हात रुमालाखाली होता. माझे डोळे भरून आले, समोरचे दादा धूसर झाले. वर्षभराची, पुढच्या जत्रेपर्यंतची चिंता करू नका, एवढं डॉक्टर मला स्वतः बोलले होते. त्यापुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी दादांचं एकच बोट धरलं आणि वाट बघत बसले, आता हे चार मागतील, मग तीन मागतील.

आयुष्यात पहिल्या बोलीला कधी हो न म्हणालेल्या माणसानं माझा अख्खा हात दाबला.

"पटलं," दादा म्हणाले, आणि उठून बसत मायला हाक मारली, "अगं ए, भाकर टाक. आन् ह्यो रुमाल धुऊन ठेव, माळेगावला न्यायचाय."