आप्पांचा माळ, एक महागडी बंदूक आणि पाच भाड्याच्या

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नांदेडहून लातूर जिल्ह्यात फिरायला जा, असा सल्ला मी शत्रूलाही देणार नाही. तरी मी गेले. मांडीवर लाखाच्या वरची पेंटबॉलची बंदूक घेऊन, एसटीने, अर्ध्या तिकिटात गेले. आमच्या घराण्यात शहाण्या माणसांची परंपरा नसल्यामुळे मला कुणी अडवलंही नाही.

कारण सांगते. शिरूर अनंतपाळजवळ आमचं शेत आहे आणि शेताला लागून आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक मुरमाड माळ आहे. माझा धाकटा भाऊ बालाजी याने गेल्या वर्षी त्या माळावर पेंटबॉलचं मैदान काढलं. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दोन गट करायचे, तोंडावर मास्क चढवायचा आणि हवेच्या बंदुकीने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या. गोळी अंगावर फुटली की तुम्ही बाद. जाणकार लोक या बंदुकीला मार्कर म्हणतात, पण आमच्याकडे घोडा आणि नळी दिसली की ती बंदूकच. बालाजीने पुण्याकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून अशा पाच जुन्या बंदुका उचलल्या, माळावर रिकामे ड्रम आणि टायर मांडले आणि रस्त्याला पाटी लावली. लातूरची कॉलेजची पोरं रविवारी येतात, पण मैदान चालतंय असं म्हणण्याइतकी येत नाहीत. आप्पांनी एका वर्षाची मुदत दिली होती आणि ती मृगाला संपत होती.

"एक डाव मी सोता खेळणार," आप्पांनी बालाजीला सांगून टाकलं. "मज्जा आली तर माळ तुझा. न्हाई आली तर सोयाबीन."

बालाजीची झोप उडाली, कारण आप्पांना मजा येणं ही सोपी गोष्ट नाही. माझ्या लग्नात त्यांना मजा आली नव्हती. बालाजीच्या लग्नात तर त्यांनी आचाऱ्याशी भांडण काढलं होतं. "अक्का, त्या खटारा बंदुका त्यांच्या हातात कशा देऊ?" तो फोनवर रडकुंडीला आला. "एक चांगली घेऊन ये कुठून तरी. त्यांनी घोडा दाबला की नेम लागला पाहिजे, बास."

चांगली बंदूक नांदेडात कुणाकडे आहे हे मला ठाऊक होतं, कारण तो माणूस आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या शेजारच्या गाळ्यात लोकांचे दात काढतो. डॉक्टर इम्रान यांना दुबईच्या भावाने ती पाठवली आहे. ते वर्षातून दोनदा हैदराबादला जाऊन खेळतात आणि उरलेले दिवस तिला पुसतात. त्यांनी पेटी माझ्या हातात दिली, परत घेतली, पुन्हा दिली.

"ताई, इसको ऊन नक्को, धूळ नक्को, सस्ती गोळी तो बिलकुल नक्को," ते म्हणाले. "तिच्या आत दोन डोळे हायत. गोळी पूर्ण खाली बसली का ते बघतात, मगच दट्ट्या पुढं सरकतो. म्हणून गोळी आत फुटत न्हाई. समझे?"

मी मान हलवली. पेटीबरोबर त्यांनी एक लांबलचक हातपंपही दिला. तो कशासाठी ते पुढे येईलच.

शनिवारी सकाळी नांदेडहून लातूरची गाडी धरली. गाड्या भरपूर आहेत, लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता, चाकूरपर्यंत अडीच-तीन तास लागतात. खिडकी डाव्या बाजूची घेऊ नका, सकाळचं ऊन तिथेच बसायला येतं. लोह्याला एक मावशी शेजारी येऊन बसल्या आणि त्यांची नजर पेटीवर खिळली.

"काय हाय बाई त्यात?"

"बंदूक."

"कुणासाठी?"

"वडिलांसाठी."

मावशींनी आपली पिशवी पलीकडच्या मांडीवर घेतली. थोड्या वेळाने त्यांनी हळू आवाजात विचारलं, "जमिनीचं हाय का?"

जमिनीचंच होतं, त्यामुळे मी हो म्हणाले.

"मग वकील कर. बंदुकीपेक्षा सस्ता पडतो." यावर त्यांनी जरा विचार केला. "न्हाई, सस्ता न्हाई पडत. पण वकील कर."

अहमदपूरला गाडी थांबते तेव्हा स्टँडबाहेर सुशीला खाऊन घ्या. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: ही बाई नव्हे, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा प्रकार आहे, वर शेंगदाणे आणि लिंबू. चहासकट पन्नास रुपयांच्या आत पोट भरतं. चाकूरला बालाजी मोटारसायकल घेऊन उभा होता. पेटी आम्ही दोघांच्या मध्ये ठेवली आणि नळेगावमार्गे घर गाठलं. ऊन असं होतं की हेल्मेट काढल्यावर डोकं त्याच्याबरोबर येतंय की काय अशी शंका आली.

जेवणात भाकरी, येसराची आमटी आणि कैरीचा तक्कू होता. चार घास झाल्यावर कुठे मला माझं नाव आठवलं.

आता बंदुकांकडे वळू, कारण तुमच्यातले काही जण त्यासाठीच इथवर वाचत आलेत. भाड्याच्या, म्हणजे बालाजी गिऱ्हाइकांना खेळायला देतो त्या बंदुकीला कार्बन डायऑक्साइडची टाकी लागते. बालाजी ती लातूरला, आग विझवायचे सिलिंडर भरतात तिथून भरून आणतो. टाकी लावली की काम संपलं. महागड्या बंदुकीला मात्र निव्वळ दाबलेली हवा लागते आणि तिचा दाब एवढा मोठा असतो की पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तिच्यापुढे फुंकर मारल्यासारखा आहे. (बालाजीने तिची टाकी नेऊन बघितली. पंक्चरवाल्याने दहा मिनिटं प्रयत्न केला आणि मग टाकीच खराब आहे असं सांगितलं.) म्हणून तो हातपंप. तो आम्ही ओसरीवर उभा केला आणि पाळीपाळीने हापसत बसलो. आधी बालाजी, मग मी, मग दूध घालायला आलेला शेजारी. दिवेलागणीला काटा हिरव्यावर आला तेव्हा माझे दंड माझे राहिले नव्हते.

पण मग आम्ही गोठ्याच्या भिंतीला खताची रिकामी पिशवी टांगली आणि दोन्ही चालवून पाहिल्या, आणि मला मानावं लागलं. डॉक्टरांची बंदूक हातात हलकी, घोडा नुसता बोट लावला की दबतो, आवाज पुटपुटल्याइतका. तिच्या गोळ्या एका भाकरीएवढ्या जागेत पडल्या. भाड्याची बंदूक उखळाएवढी जड. तिचा घोडा ओढायला बोटाला कसरत, गोळ्या अडकल्या की गदागदा हलवायची, आणि आवाज असा की म्हैस दावं तोडायला निघाली. तिच्या गोळ्या पिशवी सोडून सगळीकडे लागल्या. एक तर गोठ्याच्या पत्र्यावर फुटली. बालाजीचा चेहरा उजळला. "आप्पा उद्या माळ माझ्या नावावरच करणार," तो म्हणाला आणि झोपायला गेला.

रविवारी उजाडताच आईने अंघोळ करून ताट सजवलं. घरात नवी वस्तू आली की आईला राहवत नाही. ट्रॅक्टर, फ्रीज, माझा लॅपटॉप, सगळ्यांना हळद-कुंकू लागलेलं आहे. ओसरीवर सहाच्या सहा बंदुका पाटावर मांडल्या होत्या. एकटीचीच पूजा केली तर बाकीच्या रुसतील, असं तिचं म्हणणं. महागडी आपल्या घरची नाही, पाहुणी आहे, म्हणून तिला जरा जास्त. "हिचं डोकं कुठलं?" तिने विचारलं. गोळ्यांचा डबा वर जिथे बसवतात ते तोंड मी दाखवलं. आईने त्यात हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि हात जोडले. मीही जोडले. इतकं सुंदर दृश्य होतं की मी फोटो काढला, तोच या लेखावर लावला आहे.

सात वाजता आम्ही माळावर. (तुम्हीही सातलाच जा, नऊनंतर मास्कच्या आत शिजायला होतं. पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घाला. माणशी तीनशे रुपयांत बंदूक, मास्क आणि पन्नास गोळ्या मिळतात.) एका बाजूला आप्पा आणि मी, दुसऱ्या बाजूला बालाजी आणि आई. आईला चौथं माणूस नाही म्हणून घेतलं होतं. तिने पदर खोचला, मास्क लावला आणि विचारलं, "ह्यांना मारायचं का?" बालाजी घाईने म्हणाला, "हाव, पण बेतानं." त्याचा बेत ठरलेला होता: तो स्वतः ड्रमामागून हळूच उभा राहणार, आप्पा त्याला टिपणार, आप्पांना मजा येणार.

शिट्टी झाली. बालाजी ठरल्याप्रमाणे छाती पुढे काढून उभा राहिला. आप्पांनी नेम धरला, घोडा दाबला.

फुस्स.

नळीच्या तोंडातून नारिंगी रंगाचा ओघळ आला आणि आप्पांच्या पांढऱ्या पायजम्यावर पडला. त्यांनी पुन्हा दाबला. बंदुकीने जरा विचार केला आणि पुन्हा ओघळली. तिच्या दोन्ही डोळ्यांवर कुंकवाचा थर बसला होता. तिला वाटत होतं गोळी आलीच आहे, त्यामुळे गोळी अर्ध्या वाटेवर असतानाच दट्ट्या पुढे जाऊन तिचा चेंदामेंदा करत होता. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसत होतं की लाखाची बंदूक पान खाल्ल्यासारखी पिंका टाकते आहे.

"ही थुकून राहिली," आप्पा म्हणाले.

बालाजी अजून छाती काढून उभाच होता. आणि मैदानाच्या मधून, कशाचाही आडोसा न घेता, भाजी आणायला निघाल्यासारखी आई चालत आली. तिच्या हातात भाड्याची बंदूक होती. तिच्याही नळीत कुंकू होतं, पण तिला डोळेच नसल्याने काही फरक पडला नव्हता. फट्. आप्पांच्या खांद्यावर रंग फुटला.

"लागली, लागली," आप्पा म्हणाले. "थांब."

आई थांबली नाही. फट्, पोटावर. आप्पा वळले, फट्, पाठीवर. ते टायरामागे बसले, पण टायर गुडघ्याएवढा आणि आप्पा सहा फूट, त्यामुळे उरलेले आप्पा वरच राहिले आणि आईने त्यांना एकेक करून रंगवलं. "आप्पा, तुमी बाद झालाव, बाहेर या," बालाजी ओरडत होता. पण आप्पांनी थुकणारी बंदूक टाकली, माझ्या हातातली भाड्याची हिसकावली आणि आईच्या मागे धावले. माझे वडील धावताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. ते वाकडेतिकडे पळत होते आणि मोठ्याने म्हणत होते, "एक आडोसा न्हाई ह्या माळावर. माणसानं लपावं कुठं?" आईने वळून त्यांच्या गुडघ्यावर शेवटची गोळी मारली आणि मग तिच्या गोळ्या संपल्या म्हणून खेळ थांबला.

मास्क काढल्यावर आप्पांचा चेहरा घामाने निथळत होता. त्यावरून काहीच कळत नव्हतं.

"मज्जा आली का?" बालाजीने विचारलं. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्याची खरंच दया आली.

"बघू," आप्पा म्हणाले आणि आंघोळीला गेले.

धपाटे वाढताना आई म्हणाली, "त्या मास्कातून मला काय बी ऐकू आलं न्हाई." आप्पांनी दही मागितलं. बालाजीने बंदूक उघडली तेव्हा आतून हळद, कुंकू आणि तांदळाचे चार दाणे निघाले. आईला सांगायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं. मग त्याने मला चाकूरला सोडलं.

नांदेडला डॉक्टर इम्रान यांनी बंदुकीत डोकावून बराच वेळ पाहिलं. मग तिला रोग्याच्या खुर्चीत ठेवली, वरचा दिवा लावला आणि दात बघायच्या छोट्या आरशाने तिचे डोळे तपासले. कापसाच्या बोळ्यांनी कुंकू निघालं. "ताई, इतक्या वर्षांत हिची पूजा कुणी केली न्हवती," ते म्हणाले. ते रागावलेत की भारावलेत हे मला कळेना, म्हणून मी आईने दिलेली केळी तिथे ठेवली आणि निघाले.

तर निकाल काय? तुम्हाला नेमाची हौस असेल, पाठीशी हैदराबाद असेल आणि घरात धार्मिक माणूस नसेल, तर महागडी घ्या. सुंदरच आहे ती. बाकी सगळ्यांनी भाड्याची घ्यावी, ती कुणाच्याही हातात चालते आणि कशानेही रुसत नाही. माझ्या दंडांवरचं पंपाचं दुखणं आठवडाभर राहिलं. मनात राहिला तो बालाजीचा बारीक झालेला आवाज, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

मृग लागून काही दिवस झाल्यावर त्याचा सकाळीच फोन आला. "अक्का, आप्पा ट्रॅक्टर घेऊन माळावर गेलेत. पेरून राहिलेत."

मी विचारलं, "सोयाबीन?"

"तेच तर कळंना. कडवळ पेरून राहिलेत." म्हणजे वैरणीची ज्वारी, दाट आणि उंच वाढणारी. "आणि सगळीकडं न्हाई. ड्रम जिथं हायत तिथं मोकळं सोडलंय. वाकडेतिकडे पट्टे टाकलेत. वेडे झाले का काय?"

ट्रॅक्टरचा आवाज जवळ आला, बंद झाला, आणि फोन आप्पांनी घेतला.

"छातीएवढं झालं की ये," ते म्हणाले. "ती दातवाल्याची आणू नको, आपली भाड्याचीच बरी. आणि ऐक, तुझी माय मधून सरळ चालत येती. तिकडंच दाट पेरलंय मी. तिला सांगू नको."

मी नाही सांगत म्हणाले, फोन ठेवला आणि लगेच आईला लावला.