आम्हा तिघींची एक सवत

दुपारची कामं आटपून बायका ओटीवर बसल्या की किस्से आपोआप साठत जातात. कुणी लिहून ठेवत नाही, कुणी पुसून टाकत नाही. दर वेळी सांगताना थोडी भर पडते आणि मूळ हकिगत कुठे संपली ते सांगणारीलाही आठवत नाही. आमच्या आळीत मी, मंदा शेट्ये आणि शालू अशा तिघींकडे जे किस्से साठले, त्यातले निम्मे एकाच बयेचे आहेत. ती बया म्हणजे ‘मलय कॉफी हाऊस, रत्नागिरी शाखा’! आम्ही तिला सवत म्हणायचो. तिघींत मिळून एक.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मुंबई, पुणे, कोल्हापूर, हुबळी असं करत करत त्या कंपनीने आमच्या भर बाजारात, राम आळीच्या तोंडाशी शाखा उघडली. काचेचं दार, वर चार पंखे, फेटा बांधलेला वेटर, गल्ल्यावर शेणॉय नावाचे टाय लावलेले मॅनेजर! आमचे हे जिल्हा परिषदेत, बांधकाम खात्यात. मंदाच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान. शालूचे मिस्टर कोर्टात कारकून. तिघेही साडेपाचला जे तिकडे जायचे, ते साडेसातला घरी उगवायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा!

मला हेवा वाटायचा. सरळच सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दुसरी बाई असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

*

माझं दुःख जरा वेगळं होतं. ते समजायला अकरा वर्षं मागे जावं लागेल.

हे मला बघायला हेदवीला आले होते. पोहे खारट झाले होते, कारण वहिनीने मीठ घातलं आणि वर आईनेही घातलं. कॉफी मात्र माझी होती. घरची, दुधाची, आणि वर आमच्याच वाडीतलं जायफळ किसून घातलेलं. यांनी कप खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “कॉफी उत्तम झालीय.”

बस्स! तेवढ्या एका वाक्यावर मी या घरात आले. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी दुसरं वाक्य अजून यायचं होतं. पण माझी तक्रार नव्हती, कारण पहिलं होतं ना माझ्याजवळ! दादा दरवर्षी हेदवीहून जायफळं पाठवायचा आणि मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर यांना कॉफी द्यायची.

कॉफी हाऊस उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात यांनी माझ्या कॉफीचे दोन घोट घेतले आणि कप बाजूला ठेवला. “तिथली कॉफी म्हणजे काय असते,” हे म्हणाले, “ते तुला सांगून कळायचं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून माझी संध्याकाळची कॉफी बंद झाली. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले. कॉफीसाठी रडले असं म्हटलं तर लोक हसतील, पण रडले खरी.

*

मग मी ठरवलं की तिच्यासारखी कॉफी घरीच करायची. मुंबईच्या नणंदेला पत्र लिहून पितळेचा फिल्टर मागवला. त्यातून थेंब थेंब कॉफी पडायला अर्धा तास. तोवर दूध उतू गेलं.

शालूने ऐकलं होतं की तिकडचा वेटर कॉफी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात हातभर उंचीवरून ओततो, त्याने फेस येतो. मी पाटावर उभी राहिले आणि ओतली. फेस आला. कॉफी मात्र सगळी चुलत सासऱ्यांच्या धोतरावर! ते बिचारे पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले होते.

उरलेली अर्धा कप यांना दिली. यांनी घोट घेतला, छताकडे बघितलं आणि विचारलं, “काकांना भाजलं का फार?”

कॉफीविषयी एक अक्षर नाही!

*

याच सुमारास माझी जायफळाची किसणी हरवली. बोटभर लांबीची, दांडा जरासा वाकलेला. आईने सासरी येताना दिली होती. आठ दिवस आधी मंदाने श्रीखंडासाठी ती नेली होती.

“मंदा, माझी किसणी?”

“दिली की गो परत!”

“नाही दिलीस.”

“म्हणजे मी काय चोर आहे होय?”

एका किसणीपायी आम्ही दीड महिना बोलत नव्हतो. निरोपाला मध्ये शालू. मंदा तिच्या ओटीवर, मी माझ्या ओटीवर, आणि शालू बिचारी दोन्हीकडे सांडगे घालून दमली.

त्यात डब्यातली जायफळंही कमी व्हायला लागली. किसणी मंदाने नेली असेल, पण जायफळं? मी सासूबाईंना विचारायचं धाडस केलं. त्या कडाडल्या, “मला काय करायचंय जायफळ? उगाळून द्यायला घरात तान्हं पोर आहे का कुणी?”

शेवटी मी ते उंदरांच्या नावावर टाकलं आणि डब्याला फडकं बांधलं. तरी उंदीर नेतच राहिले.

*

आता गंमत ऐका. कॉफी प्यायल्यावर झोप उडते असं सगळं जग म्हणतं. शालूचे मिस्टर तिकडून आले की रात्री उशिरापर्यंत कोर्टाचे किस्से सांगायचे. शेट्ये दुकानाचे तागे मोजत बसायचे. आमचे हे मात्र साडेसातला घरी, आठला जेवण आणि सव्वाआठला घोरायला सुरुवात!

“वैनी,” शेट्ये एकदा मला म्हणाले, “तुमच्या घरात लय शांतता हाय वाटतं.”

मी आतल्या आत जळाले. म्हणजे तिच्याकडे दोन तास गप्पा, चेष्टामस्करी, आणि माझ्या वाट्याला काय, तर पाठ! “एवढं काय दमता हो तिथे बसून?” मी एकदा विचारलंच. तर हे अर्धवट झोपेत म्हणाले, “तिथली कॉफीच तशी असते.”

*

मग मंदाशी बोलणं पुन्हा सुरू झालं, कारण तिच्याकडे बेत होता. कॉफी हाऊसच्या दारावर ‘फॅमिली रूमची सोय आहे’ असा बोर्ड होता. “मंग आपण फॅमिलीच ना गो?” मंदा म्हणाली. “बघून तरी येऊ, कशी दिसते ती!”

एका मंगळवारी दुपारी साडेतीनला आम्ही तिघी नेसून, गजरे माळून गेलो. आम्हाला बघून शेणॉय मॅनेजर गल्ल्यावरून उठलेच. “फॅमिली?” त्यांनी विचारलं. “फॅमिली!” मंदाने सांगितलं. शाखा उघडल्यापासून पहिल्यांदाच कुणी फॅमिली आली होती. आतून कॉफीची पोती, एक मोडकी शिडी आणि बटाट्याचा ढीग बाहेर काढेपर्यंत आम्ही दारात उभ्या होतो.

आत बसलो, पडदा ओढला. भिंतीवर पाटी होती: ‘बाहेरून आणलेले पदार्थ येथे खाऊ अगर मिसळू नयेत. हुकुमावरून.’ कॉफी आली. मी घोट घेतला आणि मंदाकडे बघितलं. मंदाने शालूकडे बघितलं.

“ही?” मी म्हटलं. “या कडू पाण्यासाठी?”

दिसायला चांगली असती तर वाईट वाटलं नसतं, तसं झालं माझं. माझ्यापेक्षा सरस असती तर मी हार मानली असती. पण ही तर माझ्या कॉफीच्या पासंगालाही पुरत नव्हती!

तेवढ्यात बाहेर ओळखीचे आवाज आले. घड्याळात चार वाजले होते. चार! जिल्हा परिषद, कोर्ट आणि कापडाचं दुकान, तिन्ही एकदम बंद पडल्यासारखे आमचे तिघे पडद्यापलीकडच्या टेबलावर येऊन बसले.

आम्ही पदर तोंडाला लावून कान दिले. वाटलं, आता कळेल हे लोक बायकांविषयी काय बोलतात. पहिला अर्धा तास हातखंब्याच्या वळणावर कलंडलेल्या ट्रकवर गेला. दुसरा अर्धा तास तो ट्रक कसा उभा करायला हवा होता यावर. आमचं नावही नाही!

मध्येच यांचा आवाज आला. “तुकाराम, माझं आण रे.”

“आनतो सायेब,” वेटर म्हणाला.

माझं! म्हणजे यांचं काहीतरी खास होतं तिथे. निराळा कप असेल, निराळी कॉफी असेल. घरात अकरा वर्षांत ‘माझं आण’ असं हे कधी म्हणाले नव्हते. जे ताटात येईल ते गिळायचे. आणि इथे यांचं असं काहीतरी वेगळं ठेवलेलं होतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी शालूला शिंक आली.

मग शेट्ये दबक्या आवाजात म्हणाले, “हळू बोला रे. आत फॅमिली हाय.”

आणि ते आणखी दीड तास हळू बोलत बसले! आम्ही आत. पोरं शाळेतून येऊन कुलूप लावलेल्या दारात. सासूबाई मांडवीला बहिणीकडे गेलेल्या. तिघे उठून गेल्यावर आम्ही मागच्या दाराने, बटाटे ओलांडून बाहेर पडलो.

*

त्या संध्याकाळी आम्ही तिघींनी, एकमेकींना न सांगता, तिच्या नावाने नवस बोलले. म्हणजे तिच्या वाईटाचे!

आणि वर्षभरातच मुंबईच्या हेड ऑफिसातून एक साहेब आले. टेबलावर गिऱ्हाईक किती वेळ बसतं ते बघायला. घड्याळ काढून ते आमच्या तिघांच्या शेजारच्या टेबलावर बसले. शेट्यांनी त्यांना सहज विचारलं, “सायेब, आंबा कुठला खाल्लात यंदा?”

साहेबांनी घाटावरच्या कुठल्यातरी आंब्याचं नाव घेतलं. झालं! त्यांची समजूत घालायला साडेसात वाजले. मुंबईची गाडी चुकली, म्हणून साहेब शेट्यांकडेच मुक्कामाला. मंदाने त्यांना सोलकढी वाढली आणि आतून माझ्याकडे धावत आली. “परक्या माणसाला तीन तास दिले गो यांनी! मला विचारतात का, तू आंबा कुठला खाल्लास?”

साहेबांनी मुंबईला जाऊन कळवलं की, इथली माणसं कॉफी प्यायला येत नाहीत, बसायला येतात. महिन्याभरात दारावर कागद लागला: ‘ही शाखा कायमची बंद होत आहे.’

“माझा नवस पावला!” मी ओटीवरून ओरडले. “हेदवीच्या दशभुजा गणपतीला एकवीस मोदक!”

“तुझा? माझ्या ग्रामदेवतेच्या नारळाने झालं!” मंदा म्हणाली. “तुझ्या गणपतीला तितक्या लांबून राम आळी दिसते होय?”

“दहा हात आहेत त्याला. एक पुरला.”

शालू हळूच म्हणाली, “मी सोळा सोमवार केले.” त्या दिवशी पुन्हा अबोला. या खेपेला शालूशीही!

*

आणि शेवटचा किस्सा. हा मी अजून मंदाला सांगितलेला नाही.

शाखा बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी हे साडेपाचला घरी आले. चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. ओटीवर बसले. कुणी गेल्यावर बसतात तसे. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला तिचा आणखीच राग आला. मी मेले असते तर हा माणूस असा बसला असता का, असं मनात आलं.

हे चौकापर्यंत फेरी मारून येतो म्हणून गेले आणि पाठोपाठ फाटक वाजलं. फेटा नसलेला, पिशवी घेतलेला माणूस. “वैनी, मी तुकाराम. कॉफी हाऊसचा. लांज्याला घरी चाललो. सायबांची वस्तू ऱ्हायली व्हती, म्हटलं देऊन जावं.”

त्याने रुमालाची गाठ माझ्या हातात दिली. मी सोडली. आत दोन अर्धी झिजलेली जायफळं आणि बोटभर किसणी. दांडा वाकलेला.

“मॅनेजर रागवायचे,” तुकाराम म्हणाला. “हेड ऑफिसची मनाई. म्हणून मी आत लपवून ठेवायचो. सायेब ‘माझं आण’ म्हनले की बशीखालून द्यायचो. एवढ्या दिवसांत आमची कॉफी नुसती म्हणून कधी प्याले नाय.”

मी त्याला बस म्हणायचंसुद्धा विसरले. तो गेला तरी फाटकाशीच उभी होते.

मग आत गेले. आधण ठेवलं, दूध घातलं, आणि त्याच किसणीवर त्याच अर्ध्या जायफळाचा कीस पाडला. हे आल्यावर कप पुढे केला. हेदवीला पहिल्यांदा केला होता तसाच, दोन्ही हातांनी.

यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. कप खाली ठेवला.

“बरी झालीय,” हे म्हणाले. “पण तिथली चव नाही.”