आबा जोंधळा असल्याची सिद्धता

माझ्या वडिलांना कॅन्सर नाही, हे मी गणिताने सिद्ध केलं होतं. आकडेमोडीत एकही चूक नव्हती.

मी कराडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. त्यातही संभाव्यता हा माझा लाडका विषय (विद्यार्थ्यांचा नाही). माझे वडील, म्हणजे आबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ते आणि आई कोरेगावजवळ आमच्या गावी राहतात. मागच्या वर्षी गावात आरोग्य शिबिर भरलं. पोटातून डोळ्यांना न दिसणारं रक्त जातंय का, हे शौचाच्या नमुन्यावरून तपासत होते. आबांनी आपली डबी अशा इतमामाने नेऊन दिली, की वाटेत दोघांनी त्यांना नमस्कार केला. काही दिवसांनी निरोप आला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, सांगलीला जाऊन आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्या.

आईचा फोन आला तशी मी रजा टाकून गावी गेले. आबा सोप्यात बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कॅन्सर असंल काय गं?"

जन्मभर त्यांनी मला फक्त सूचना दिल्या होत्या. प्रश्न असा पहिल्यांदाच विचारला.

अशा वेळी मुलीने वडिलांच्या शेजारी गप्प बसावं. मी लेक्चर घेतलं.

आई जोंधळा निवडत होती. तिच्या पुढ्यातलं सूप मी ओढून घेतलं. "आबा, हे आपलं सगळं गाव समजा. एक दाणा म्हणजे एक माणूस." मग डब्यातून चिमूटभर हुलगे, म्हणजे कुळीथ, काढून त्यात टाकले. "हे हुलगे म्हणजे खरे आजारी. ते फार थोडे असतात. चाचणी हुलगे वेचते, पण चुकून जोंधळ्याचे दाणेही वेचते. " मी हुलगे आणि मूठभर जोंधळा बाजूला काढला. "आता हा वेचलेला ढीग बघा. यात जास्त काय आहे?"

"जोंधळाच की."

"मग तुम्ही बहुतेक कोण?"

आबांनी ढिगात बोट फिरवलं. "आमी जोंधळा हाय," ते म्हणाले आणि आईला पान वाढायला सांगितलं. बऱ्याच दिवसांनी ते पोटभर जेवले. मीही खूश होते. वर्गात हेच समजावताना माझी अख्खी टर्म जाते. "तरी पण सांगलीला जाऊन या," असं मी निघताना म्हणाले, पण ते मी चप्पल घालता घालता म्हणाले, आणि लेक्चर संपल्यावर मास्तर जे बोलतो ते कुणी ऐकत नाही.

आमच्या अंगणातून गावच्या पारापर्यंत जाताना माझ्या वाक्यातला 'बहुतेक' कुठेतरी गळून पडला. पारावर पोचलं ते एवढंच, की सुभेदार जोंधळा आहेत, त्यांच्या पोरीने काढून दाखवलंय. शेजारच्या शिवाकाकांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. त्यांनी आबांना विचारलं, "मग मी कोण?"

"तू बी जोंधळा," आबांनी सांगून टाकलं. "काय जायाची गरज न्हाई."

सांगलीच्या दवाखान्यातून सिस्टरने तपासणीची वेळ द्यायला फोन केला. हे मला नंतर आईने सांगितलं.

"आमाला यायाचं न्हाई. आमी जोंधळा हाय," आबा म्हणाले.

"काका, कोण बोलतंय?"

"जोंधळा. शिवा बी जोंधळाच हाय, त्याचं बी नाव काटा."

सिस्टरने फोन घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगितलं. आईने तो घेतला, 'नंतर कळवतो' म्हणाली आणि लगेच मला लावला. "तू काय शिकवून गेलीस त्यांना? आता काढ जा डोक्यातनं."

मी परत गावी गेले. "आबा, बहुतेक म्हणजे नक्की नव्हे. तपासणी करायलाच हवी."

"फौजेत बहुतेक म्हणून काय नसतंय. एक तर व्हय, न्हाईतर न्हाई."

"पण माझ्या विषयात असतं. मी शिकवते ना."

"मग त्या दिशी सूप घिऊन काय शिकिवलंस?"

माझीच सिद्धता ते माझ्याविरुद्ध मांडत होते, आणि माझ्यापेक्षा चांगली मांडत होते. शेवटी मी त्यांचा नाद सोडला आणि शिवाकाकांचं नाव काढलं. काका घाबरट आहेत, तुम्ही आला नाहीत तर ते येणार नाहीत, त्यांना काही झालं तर गाव तुम्हाला विचारेल. हे त्यांना पटलं. हाताखालच्या माणसाला एकटं पाठवायचं नाही, एवढं त्यांच्या हाडात होतं. शिवाकाकांच्या सोबतीला म्हणून आबा सांगलीला आले. गाडीत ते काकांना धीर देत होते आणि काका खिडकीतून बाहेर बघत होते.

डॉक्टर माझ्याहून लहान होत्या. त्यांनी आबांना विचारलं, "वजन कमी झालंय का?"

"व्हय, लय उतरलंय. पॅंटी ढिल्या हुयाला लागल्यात."

"घरात कुणाला हा आजार होता?"

"थोरला भाऊ पोटाच्याच दुखण्यानं गेला."

 थोरल्या काकांच्या मयतीला मी गेले होते. ते कशाने गेले हे मी कधी विचारलं नव्हतं. आणि वजनाचं म्हणाल, तर मला वाटलं होतं आबा म्हातारे होतायत.

"आमच्या पोरीनं हिशोब केलाय, मॅडम," आबा अभिमानाने म्हणाले. "ती परोफेसर हाय." आणि त्यांनी सुपाचं सगळं सांगितलं, हुलग्यांसकट.

डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मला हळूच विचारलं, "हा हिशोब कुणासाठी केलात?"

"सगळ्या गावासाठी."

"पण हे सगळं गाव नाहीत ना. वजन उतरलेले, सख्खा भाऊ पोटाच्याच दुखण्याने गेलेले, असे हे एकटे आहेत."

कॉलेजात पहिल्याच तासाला मी सांगते, की माणसाबद्दल जे माहीत आहे ते आधी हिशोबात धरा. मुलं ते वहीत लाल शाईने लिहून घेतात. मला फक्त आबांबद्दल काही माहीत नव्हतं.

शिवाकाकांना साधी मूळव्याध निघाली. आबांच्या आतड्यात गाठ निघाली.

तपासणीनंतर आबा दवाखान्याचा हिरवा झगा घालून कॉटवर पडले होते. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या अंगावर न शोभणारा गणवेश होता. डॉक्टर सांगून गेल्यावर त्यांनी झगा गुडघ्याखाली ओढून घेतला. मग म्हणाले, "म्हंजे आमी हुलगा."

मी संभाव्यतेत पीएच.डी. केलीय. मी त्यांचं पांघरूण सारखं करत बसले. शिवाकाका कॉटच्या कडेला बसले आणि आबांचे पाय चेपू लागले. स्वतः सुटल्याची त्यांना इतकी लाज वाटत होती, की ते बरेच दिवस आमच्या घरी मान खाली घालून यायचे.

ऑपरेशन झालं, मग केमोची सलाईनं झाली. गाठ अगदी लवकर सापडली नाही आणि अगदी उशिराही नाही. मधल्या दिवसांत तिला वाढायला किती वाव मिळाला, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुढची काही वर्षं निभावण्याची शक्यता किती, हे मात्र त्या आकड्यात सांगायला लागल्या, तेव्हा आबांनी हात वर केला. "आकडा आमाला नको. हिला द्या. हिला लागत्यात."

मी तो ऐकला. अजून कुणाला सांगितलेला नाही.

आबा आता घरी आहेत. बारीक झालेत, आवाज खाली आलाय, सूचना कमी देतात. मला त्या परत हव्यात.

या वर्षी परीक्षेत मी एक प्रश्न घातला. एका निवृत्त सैनिकाची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, त्याच्या मुलीने अमुक हिशोब केला आहे, तो बरोबर आहे का ते सांगा. वर्गाला घरातलं काहीच माहीत नव्हतं. एरवी कशीबशी पास होणाऱ्या एका मुलीने अर्धं पान गिचमिड करून, सगळी आकडेमोड चुकवून खाली लिहिलं होतं: 'हिशोबाचं मला नक्की सांगता येत नाही. पण त्यांनी आधी दवाखान्यात जावं, आणि मुलीला या विषयात फार विचारू नये.'

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.