हॉबर्टनं आमच्या नोव्हाला कॅम निवडला तेव्हा

हॉबर्ट, माझा मोठा भाऊ, मागच्या मंगळवारी गेला. फुप्फुसं खलास झाली होती. पेपरात आलं, 'इंजिनकाम करणारे, वय एकाहत्तर', संपलं. एवढ्यात माणूस बसत नाही, म्हणून मी लिहितेय.

त्याचं दुकान ओढ्याच्या काठाला, दोन गाड्या मावतील एवढंच. आख्ख्या खोऱ्यातनं लोक यायचे आणि निम्मे चिडून परत जायचे. कारण प्रत्येकाला मोठा कॅम पाहिजे असायचा आणि हा द्यायचा नाही.

कॅम म्हणजे इंजिनात फिरणारा दांडा. त्याच्यावर उंचवटे असतात, ते व्हॉल्व उघडतात. मोठा कॅम म्हणजे व्हॉल्व जास्त वेळ उघडा. गाडी खूप पळवली तर ताकद मिळते, पण उभी असली की नुसती धडधडते. बाप्यांना ती धडधडच हवी असते. हॉबर्टकडं हवा कोंबणारा टर्बोबिर्बो काही नाही, इंजिन आपलं आपण ओढेल तेवढीच हवा.

कोणी आलं की तो कॅटलॉग उघडायचाच नाही. इंजिनाला रबरी नळी लावायचा, ती खिडकीतनं आत घ्यायचा, टोकाला हवेची ओढ मोजायचं घड्याळ. ते मांडीवर घेऊन शेजारी बसायचा नि म्हणायचा, "रोज जातोस तिकडं चल." मग तो माणूस याला घेऊन पोस्टात, किराण्याला, सासूकडं. हा काट्याकडं बघत. आमच्या पाद्रीबाबांना तर तोंडावर म्हणला, "बाबा, तुम्ही कायम मयताच्या पुढं हळूहळू गाडी चालवता. तुम्हाला कसला मोठा कॅम?"

शहाऐंशी साली माझ्या नवऱ्याला, डेलमरला, मोठ्या कॅमचं वेड लागलं. आमची एकच गाडी, बहात्तरची नोव्हा, आठ सिलेंडरची, आपोआप गिअर पडणारी. शनिवारी डेलमर मिरवायचा, बाकी सहा दिवस मी ती घेऊन दवाखान्याच्या धोबीखान्यात कामाला जायची. हॉबर्ट नाही म्हणला. डेलमरनं पोस्टानं मागवला, कॅटलॉगातला सगळ्यात मोठा.

हॉबर्टनं तो बसवून दिला. "मी नाही बसवला तर तू बसवशील, मग इंजिनपण जाईल," म्हणला.

सोमवारी सकाळी तो मांडीवर घड्याळ घेऊन माझ्या शेजारी बसला. कामाच्या वाटेवर खाली पुलावर एकच गाडी जाते एका वेळी, त्यामुळं उतारावर रांग. कोळशाचे ट्रक पुढं, आपण मागं. थोडं सरकायचं, थांबायचं, परत सरकायचं. ब्रेक हलका लागतो तो इंजिनाच्या ओढीवर, आणि उभ्या गाडीत या कॅमला ओढच नव्हती. शिवाय बंद पडू नये म्हणून इंजिन जोरात फिरवत ठेवलेलं, ते गाडी पुढं ढकलतंय. मी एकदा दाबला, दोनदा दाबला. तिसऱ्यांदा पेडल दगड झालं. दोन्ही पायांनी पेडलवर उभी राहिले तरी गाडी सरकतच गेली, बॉनेट ट्रकच्या खाली शिरलं आणि ट्रकचं लोखंड काचेपासून वीतभर राहिलं तेव्हा थांबली.

ट्रकवाला उतरला, तंबाखू थुंकला. म्हणला, "बाई, आत यायचं होतं तर दार पुढं आहे."

मी हसले आणि मग रडायलाच लागले. हॉबर्टनं मांडीवरचं घड्याळ खाली ठेवलं. "मी बसवायलाच नको होता," म्हणला. मला आठवतंय तसं, आपली चूक झाली असं तो जन्मात तेवढं एकदाच म्हणला.

संध्याकाळी दुकानात डेलमर आला. बॉनेट बघितलं. तरी म्हणतो, "लोक ओढ साठवायला डबा लावतात. तो लाव."

"डबा दोनदा दाबेपर्यंत पुरतो. त्या रांगेत ती चौदा वेळा दाबते. जुना कॅम होता तेव्हा शेजारी बसून मी मोजलंय."

"मग काय म्हाताऱ्यांचा कॅम घालू? शनिवारी पोरं हसतील मला."

मी म्हणलं, "डेलमर, मी या गाडीत बसणार नाही. आणि नोकरीपण सोडणार नाही. आता तुझं तू बघ."

हॉबर्ट म्हणला, "खरं सांग. तुला वेग पाहिजे का आवाज?"

डेलमर बुटाकडं बघत राहिला. "आवाज."

"मग तसं सांग की लेका!"

चार दिवस हॉबर्ट कागदावर रेघा मारत बसला. पोस्टाच्या पाकिटांच्या मागंसुद्धा आकडे. कॅम घासून देणाऱ्याला ओहायोला तीनदा फोन. व्हॉल्व कमी वेळ उघडा, म्हणजे ओढ राहते. पण उंचवटे एकमेकांच्या जरा जवळ, म्हणजे थोडी धडधड येते. फार जवळ घेतले तर ओढ परत जाते. असा कॅटलॉगात नव्हता, मुद्दाम घासून घेतला.

तो आल्यावर बसवून इंजिन चालू केलं. आधी ओढीच्या घड्याळात आठ दिसायचे, आता पंधरा. आवाज म्हणाल तर बटाटे उकळताना झाकण उडतं तसा. डेलमर मान तिरकी करून ऐकत होता.

"अजून थोडा..."

"नाही."

दुसऱ्या दिवशी पुलाच्या रांगेत मी चौदा काय, वीस वेळा दाबला. प्रत्येक वेळी मऊ. शेजारी डेलमर होता, दाराला घट्ट धरून.

शनिवारी आइस्क्रीमच्या दुकानापुढं सगळ्यांची बॉनेटं उघडी. आमच्यावर कोणी हसलं नाही. एकानं विचारलं, "आवाज झकास आहे की! कॅम कोणी निवडला?"

"मी," डेलमर म्हणला. "लोक उगाच मोठा घेतात. मग ओढ मरते, ब्रेक जातात. चालवणारा रोज कुठं जातो ते बघून घ्यायचा असतो." हॉबर्ट तीन हात अंतरावर उभा, हॉट डॉग खात.

"हो, त्यानंच निवडला," हॉबर्ट म्हणला.

मी त्याला बाही धरून बाजूला ओढलं. "तोंडावर खोटं बोलतोय तो! आणि तू हो म्हणतोस?"

"बोलू दे की, वेल्डा. आता सगळ्यांपुढं सांगून बसलाय. मरेपर्यंत बदलायचा नाही तो कॅम."