जीपचा रोटर

सरकारी लिलावात घेतलेली जीप आमच्या दारात आली ती बैलांनी ओढून. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. पावसाळ्यात गावापासून चुडाव्याच्या पक्क्या सडकेपर्यंतची वाट अशी व्हायची, की बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुतायची. त्या चिखलातून फक्त जीप निघते, असं कोणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवलं होतं. मला मात्र एकच प्रश्न पडला: गाडी चांगली असती तर सरकारनं ती टाकून कशाला दिली असती?

तिला चालती करण्यात अख्खा उन्हाळा गेला. गावात इंजिनातलं कळणारा माणूस एकच, ट्रॅक्टरवाले पाटील. त्यांचा गोठा आमच्या बौद्धवाड्याला लागूनच होता. संध्याकाळी धारा काढून झाल्या की ते आमच्या दारापुढच्या दगडावर येऊन बसत आणि सांगत; हात आम्ही चालवायचे. माझी बोटं बारीक म्हणून डेल्कोचं काम माझ्याकडं आलं. डेल्को म्हणजे इंजिनाच्या प्लगांना ठिणगी वाटून देणारी डबी. तिच्यात सुपारीपेक्षा जरा मोठा रोटर फिरतो. तो नसला की गाडी नुसती घरघरते, पेट घेत नाही.

पाटील शिकवत मन लावून. पण चहा विचारला की म्हणत, "नको वहिनी, पित्त हाय मला." चुडाव्याच्या स्टेशनावर त्यांना लागोपाठ दोन कप पिताना मी पाहिलं होतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू लय संशयी हाईस."

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. मग रोज बातम्या. अमक्या गावात आमच्या लोकांची वस्ती पेटवली, तमक्या ठिकाणी विहिरीत घाण टाकली. खरं किती, खोटं किती, कळायला मार्ग नव्हता. एसटी बंद पडली. आमच्या गावात कोणी काही बोलत नव्हतं, आणि मला त्या न बोलण्याचीच धास्ती वाटायची. ह्यांनी ठरवलं, सकाळी मला आणि दोघी पोरींना जीपमधून परभणीला माझ्या भावाकडं सोडायचं.

आदल्या संध्याकाळी पाटील आले. जीप सुरू करून बघितली, एका हाकेत उठली. हे आडावर पाणी आणायला गेले तेव्हा पाटील म्हणाले, "वहिनी, आज जरा च्या टाका की."

मी हरखले. धुतलेलीच कपबशी पुन्हा धुतली. आलं ठेचून घातलं. बाहेर आले तर ते दगडावर बसलेले. सगळा चहा प्याले, बशीसुद्धा निपटली.

सकाळी पोरी मागं बसल्या. ह्यांनी हँडल मारलं. एकदा, दहादा. गाडी घरघरली, पण पेट घेईना. मी बॉनेट उघडून डेल्कोचं झाकण काढलं. आत रोटर नव्हता.

चोरीपेक्षा आधी मला तो चहा आठवला. मला आत पाठवायला मागितला होता तो. हे म्हणाले, "आधी नीट शोध, पडला आसंल." मी तशीच पाटलांच्या वाड्याकडं निघाले. हे मागं आलेच.

पाटील ओसरीवर बाजेवर बसले होते. मी पायरीखाली उभी राहिले.

"रोटर?"

"हाय." त्यांनी बंडीच्या खिशातून काढून बाजेवर ठेवला. "आज रस्ता नीट न्हाई. सडकेच्या पुलापाशी गाड्या अडवायलेत."

"मग तोंडानं सांगायचं."

"ऐकलं आसतं तुमी? म्हणला आसता, पाटील भ्या दाखवायलाय."

"आमी गावातच ऱ्हावं म्हणून केलं का हे?"

"जीव ऱ्हावा म्हणून केलं, वहिनी."

"कुणापासून?"

पुलापाशी कोण थांबणार हे त्यांना कोणी सांगितलं, हेही मी विचारलं. त्यांनी मान खाली घातली. आतून बांगड्या वाजल्या. त्यांची बायको दाराआड ऐकत होती. ह्यांनी रोटर उचलला आणि म्हणाले, "चल घरी."

आम्ही गेलो नाही. दुपारी स्टेशनाकडून आलेला एकजण म्हणाला, पुलावर ट्रक अडवला होता. दुसरा म्हणाला, मी तिथूनच आलो, चिटपाखरू नव्हतं. त्यानंतर आठवडाभर रोटर माझ्या पदराच्या गाठीत राहिला. पाटील रोज येऊन त्याच दगडावर बसायचे, आता तोंड वाटेकडं करून. हे म्हणत, राखण करायलाय. मला वाटे, पाळत ठेवायलाय. चहा मी विचारला नाही, त्यांनी मागितला नाही.

आठ दिवसांनी निघालो तेव्हा पाटील न विचारताच पुढं बसले. "मी संगं आसलेलं बरं," म्हणाले. चिखलाच्या वाटेवर जीपनं खरंच एकदाही मान टाकली नाही. पूल आला तेव्हा मी मागून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. कठड्याशी मोठमोठ्या दगडांचा ढीग पडला होता.

"बघा गुरुजी," पाटील म्हणाले.

ह्यांनी मान हलवली. मी वाकून बघितलं. दगडांच्या फटींतून हिरवं गवत वर आलं होतं, बोटभर उंच. पूल दुरुस्त करायला कधीचे आणून टाकलेले असतील. पण पावसाळ्यात गवत आठ दिवसांतही येतं. मी पोरींना मांडीवर ओढून घेतलं आणि परभणी येईपर्यंत सोडलं नाही.