कुंकू न लावलेलं टेबल

माझ्या बहिणीला, शकूला, बघायला आलेले पाहुणे आम्ही जेवणं उरकेपर्यंत छताजवळ ठेवले होते. त्यात आमचा वाईट हेतू काही नव्हता.

पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. आष्ट्यात आमचं सुतारकामाचं शेड होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, तिथं दारं-चौकटी करायचे आणि वाकून वाकून त्यांची कंबर धरायची. मी नुकताच सांगलीहून आयटीआय करून आलो होतो. आयटीआय केलेल्या पोराला घरातली कुठलीच वस्तू आहे तशी बघवत नाही. सांगलीच्या भंगारातून मी ट्रकचा हायड्रॉलिक जॅक आणला, कात्रीसारखे उघडमिट होणारे लोखंडी पाय वेल्डिंग करून घेतले आणि वर जाड फळा ठोकला. दांडा हापसला की टेबल वर जायचं, जॅकची कळ फिरवली की खाली.

"आता वाकायचं कामच न्हाई," मी आण्णांना म्हणालो.

"व्हय. आता शिडी लावून रंधा मारायचा," आण्णा म्हणाले.

टेबलात दोन खोडी होत्या. वजन ठेवलं की ते हळूहळू आपोआप बसायचं. (सकाळी छातीशी असलेली चौकट दुपारी गुडघ्याशी यायची.) शिवाय कळ बाहेर आलेली होती, तिच्यात आण्णांच्या धोतराचा सोगा अडकला की टेबल धाडकन खाली. मी दोन्हींवर इलाज केला. आतलं तेल झिरपू नये म्हणून जॅक खोलून नवा वायसर बसवला. तो आण्णांच्या जुन्या वहाणेच्या कातड्यातून कापला. आणि कळ करवतीनं उडवून तिथं नट ठेवला. आता पाना लावल्याशिवाय टेबल खाली येणं शक्यच नव्हतं. हे मी गल्लीत सगळ्यांना सांगून आलो.

मग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी हत्यारं धुऊन मांडतात, कुंकू-झेंडू वाहतात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. आण्णांनी रंधे, करवती, पटाशा, पाने, सगळं पाटावर मांडलं. टेबलाला मात्र कुंकवाचं बोटसुद्धा नाही.

"आण्णा, ह्ये राहिलं की."

"त्ये हत्यार न्हाई," आण्णा म्हणाले. "त्ये तुझं खूळ हाय."

मला राग आला. पण त्याचा एक फायदा असा की सबंध शेडात त्या दिवशी वापरायला मोकळी अशी ती एकच वस्तू उरली.

त्याच दिवशी वडूजहून पाहुणे आले. निवृत्त सुभेदार आणि त्यांच्या मंडळी. त्यांचा मुलगा फौजेत होता आणि शकूला तो फोटोत पसंत पडला होता. तसं ती बोलली नव्हती, पण फोटो आल्यापासून घरातली भांडी न आदळता घासली जात होती. आधीची दोन स्थळं फिरली होती. हे फिरलं तर शकू कुणाचं तोंड बघणार नाही, आणि माझं तर नाहीच, हे मला ठाऊक होतं.

सुभेदार देहानं भरभक्कम. उजवा गुडघा फौजेत असताना जायबंदी झालेला, वाकायचा नाही. त्यांना खाली बसता येईना. घरात खुर्ची नाही. मी म्हणालो, "शेडात चला. टेबलावर ऐसपैस बसा."

ते पाय लांब करून बसले. "ह्ये काय यंत्र हाय रं?" त्यांनी विचारलं.

एवढं मला पुरलं. मी दांडा हापसायला लागलो. सुभेदार वर निघाले. "वा गड्या," ते म्हणाले, म्हणून मी आणखी हापसलं. त्यांचा फेटा वाशाला टेकला तेव्हा थांबलो.

"लय झाक. आता उतरीव," सुभेदार म्हणाले.

मी पाना घ्यायला वळलो. पाना झेंडूखाली होता.

मी सायकलवाल्याकडे पळालो. त्याचे पाने पूजेत. ट्रकवाल्याकडे गेलो, तर ट्रकलाच हार घातलेला आणि पाने बॉनेटवर नारळाशेजारी. हातानं नट हलेना. चौघांनी सुभेदारांना उचलून घ्यायचं ठरवलं, पण हात लावताच टेबल डुलायला लागलं. खालून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "आवं, धरून बसा. लढाईतनं आलासा आन् हितं पडाल."

आण्णांनी एकदा शकूकडे बघितलं. मग पायातली वहाण काढली आणि पूजेतल्या पान्याकडे हात नेला. उभ्या जन्मात त्यांनी असं केलं नव्हतं.

"हात लावू नका," वरून सुभेदार म्हणाले. "पुजलेलं हत्यार माझ्यापायी हलवायचं न्हाई. मी हितंच जेवतो."

मग बघायचा कार्यक्रम तसाच झाला. शकूनं पहिली पुरणपोळी स्टुलावर चढून वाढली.

"सैपाक येतो?" वरून प्रश्न.

"येतो."

"आन् ह्ये टेबल चालवाय?"

"त्ये दादाचं हाय," शकू म्हणाली. त्या सुरात मी कायमचा घराबाहेर होतो.

दुसरी पोळी तिनं टाचा उंचावून वाढली. तिसरीला टाचा जमिनीवर होत्या. तिनं खाली टाचांकडे बघितलं, मग ओरडली, "आई गं, मामंजी खाली याय लागल्यात!"

लग्न ठरलं नव्हतं आणि ही मामंजी म्हणून मोकळी! शकूनं पदर तोंडात कोंबला. मी जॅकखाली वाकलो. माझ्या वायसरमधून तेल निवांत झिरपत होतं.

सुभेदार पोट धरून हसायला लागले. त्या हादऱ्यांनी टेबल आणखी लवकर बसलं. विडा तोंडात टाकेपर्यंत त्यांचे पाय जमिनीला लागले.

"पोरगी आमची," ते आण्णांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वायसर कुणी बशिवला?"

"मी."

"म्हणून वाचलो. कुणी कारागिरानं बशिवला असता, तर दसरा वरच उजाडला असता."

लग्न झालं. पुढच्या खंडेनवमीला आण्णांनी सगळ्यात आधी टेबलाला कुंकू लावलं. मला भरून आलं. मग ते माझ्याकडे आले, माझ्याही कपाळाला बोट लावलं, डोक्यावर झेंडू ठेवला आणि मला हत्यारांशेजारी पाटावर बसवलं.

"ह्यो बी उद्यापातूर हलायचा न्हाई," त्यांनी आईला सांगितलं.

मी दसऱ्यापर्यंत तसाच बसून होतो. आण्णा म्हणतात, माझ्या हातून शेडात झालेलं एवढं एकच काम बिनचूक होतं.